आठव्या मजल्यावरचं दूध

शैलजाबाईंना कुणाला विचारून काही करायची सवय नव्हती. इस्लामपूरच्या मुलींच्या शाळेत अकरा वर्षं त्या मुख्याध्यापिका होत्या. आधी त्यांनी करून मोकळं व्हायचं आणि मग संस्थेने मंजुरी द्यायची, असंच तिथे चालायचं. घरीही तोच कारभार. नवऱ्याचं पथ्य, मुलीचं कॉलेज, मुलीचं स्थळ, सगळं त्यांनीच ठरवलं, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा बरोबर ठरवलं. म्हणूनच पुढचा घोळ झाला.

२००६च्या ऑक्टोबरात त्यांच्या लेकीचं, नेत्राचं, बीपी एकाएकी चढलं आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यातच बाळ काढावं लागलं. शैलजाबाईंचं तिकीट डिसेंबरचं होतं. ते बदलून त्या अमेरिकेत जर्सी सिटीला पोचल्या तेव्हा नातू सहा दिवसांचा झाला होता. जन्माचं वजन नऊशे ऐंशी ग्रॅम. बारसं वगैरे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. हॉस्पिटलच्या फॉर्मवर काहीतरी लिहायला हवं म्हणून जावयांनी, ईशानरावांनी, ‘अनीश’ लिहून टाकलं होतं. काचेच्या पेटीत झोपलेला तो जीव पाहून शैलजाबाईंनी नवस बोलायलाही तोंड उघडलं नाही. एवढ्याशा जिवासाठी मागायचं तरी काय, तेच त्यांना सुचेना.

अनीशच्या तोंडातून एक बारीक नळी पोटात गेली होती आणि तिच्यातून दर तीन तासांनी त्याला दूध जायचं. आधी एक एमएल, मग दोन. त्याची नर्स ग्रेस फिलिपिन्सची होती. पहिल्याच दिवशी तिने नेत्राला बजावलं, आईचं दूध हे या बाळाचं औषध आहे. इतक्या लवकर आलेल्या बाळांचं आतडं कच्चं असतं, त्याला एक फार वाईट आजार होऊ शकतो. पावडरच्या दुधावर तो जास्त होतो. तेव्हा जमेल तेवढं स्वतःचं आण, कमी पडलं तर आम्ही पावडर देऊ.

नेत्राने त्यातलं औषधाचं तेवढं एकच वाक्य मनात धरून ठेवलं. भाड्याने आणलेल्या पंपाला ती दर तीन तासांनी स्वतःला जोडून घ्यायची आणि दोन बाटल्यांच्या तळाशी जमलेले आठ-दहा एमएल बघून रडायची. “माझ्या अंगाला काही जमतच नाही यार आई. बाळ पूर्ण वाढवता आलं नाही, आता दूधपण नाही.” शैलजाबाईंनी डिंकाचे लाडू केले, अळिवाची खीर केली, शतावरी तर येतानाच आणली होती. दूध वाढलं, पण मुंगीच्या पावलाने. बाळाची मागणी मात्र रोज वाढत होती.

नेत्राच्याच बिल्डिंगमध्ये आठव्या मजल्यावर नाशिकची स्वानंदी राहायची. तळमजल्यावरच्या कपडे धुवायच्या खोलीत ती शैलजाबाईंना भेटली. तिची मुलगी पाच महिन्यांची होती आणि तिला इतकं दूध यायचं, की पिशव्या भरभरून ती फ्रीझरमध्ये ठेवायची. हे ऐकलं आणि शैलजाबाईंचं ठरलंच. नेत्राच्या जन्मानंतर त्या स्वतः टायफॉइडने महिनाभर अंथरुणाला खिळल्या होत्या, तेव्हा शरयूने, त्यांच्या जावेने, एका अंगावर स्वतःचा मुलगा आणि दुसऱ्या अंगावर नेत्राला पाजलं होतं. कुणी कुणाचं रक्त तपासलं नव्हतं. नेत्राला साधं पडसंही झालं नाही.

“नेत्रानंच विचारायला सांगितलंय गं,” त्या स्वानंदीला म्हणाल्या. “तिला स्वतः मागायला संकोच वाटतो.”

“अहो काकू, त्यात काय! पण हॉस्पिटलला चालतं ना?”

“त्यांना विचारूनच आलेय.”

दोन वाक्यं आणि दोन्ही खोटी. शैलजाबाईंना त्याचं काही वाटलं नाही. चांगल्या कामात असं थोडं इकडचं तिकडे करावंच लागतं, असं त्यांचं शाळेपासूनचं मत होतं.

पुढचं सोपं होतं. “बघत बसलीस की पान्हा आटतो,” असं म्हणून त्या पंपाच्या बाटल्यांवर टॉवेल टाकायच्या. पंप थांबला की बाटल्या लगेच स्वयंपाकघरात न्यायच्या, हॉस्पिटलच्या छोट्या बाटल्यांत दूध ओतायच्या, त्यात स्वानंदीच्या दुधाची भर घालायच्या आणि नेत्राच्या नावाचं लेबल चिकटवायच्या. बाटल्या उकळून घ्यायच्या, हात कोपरापर्यंत धुवायच्या. स्वच्छतेत त्यांनी कुठेही कसूर केली नाही, हे त्या पुढे कितीतरी वेळा स्वतःशी म्हणणार होत्या.

“आई, एकशे वीस! काल दिवसभरात एकशे वीस एमएल झालं!” नेत्रा सकाळी फ्रिज उघडून ओरडली. ईशानरावांनी कौतुकाने तिला जवळ घेतलं. त्या आनंदाने असेल, पण नेत्राचं खरं दूधही थोडं वाढलं. हॉस्पिटलात ग्रेसने तिच्या पाठीवर थाप मारली. पावडरचा डबा उघडावाच लागला नाही. शैलजाबाई बाजूला उभ्या राहून हे सगळं पाहत होत्या आणि मनातल्या मनात आपलीच पाठ थोपटत होत्या.

अनीशच्या सतराव्या दिवशी स्वानंदीने दार उघडलं ते शाल पांघरून. “काल जरा कणकण होती काकू. आज बरंय. देऊ का नको?”

शैलजाबाईंनी तिच्या शालीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “दे. अंगावरच्या दुधाला काही होत नाही.”

एकोणिसाव्या दिवशी सकाळी सातला फोन वाजला. नेत्राने तो घेतला आणि ऐकता ऐकताच पायात चपला सरकवल्या. अनीशचं पोट फुगलं होतं. नळीतून दुधाऐवजी हिरवं पाणी परत येत होतं आणि झोपेत तो दोनदा श्वास घ्यायला विसरला होता. दूध बंद केलं होतं, एक्स-रे काढत होते.  गाडीत शैलजाबाईंच्या डोळ्यांसमोरून एकच गोष्ट हलत नव्हती. ती स्वानंदीची शाल.

पेटीपाशी पोचल्यावर त्यांनी पाहिलं, की बाळाचं पोट तट्ट झालंय आणि कातडीवर निळसर रंग चढलाय. ग्रेस बारीक टेपने त्याचा घेर मोजत होती. काल तिने थट्टामस्करी केली होती, आज मान वर केली नाही.

उंच, पांढऱ्या केसांच्या डॉक्टरीणबाई आल्या आणि तिघांना एका छोट्या खोलीत घेऊन गेल्या. त्यांनी सावकाश सांगितलं, नेत्राने तुटक तुटक मराठीत आईला सांगितलं. आजाराचं नाव मोठं होतं, नेक्रोटायझिंग एन्टेरोकोलायटिस. आतड्याचं अस्तर मरायला लागतं, जंतू आतड्याच्या भिंतीत शिरतात आणि तिथे हवेचे बुडबुडे तयार होतात. अनीशच्या एक्स-रेत ते दिसले होते. आतडं फाटलं तर ऑपरेशन, आणि ऑपरेशन झालं तरी सगळीच बाळं वाचत नाहीत. दर सहा तासांनी एक्स-रे काढणार. अँटिबायोटिक्स सुरू केलीत. आता वाट बघायची.

“कशामुळे झालं?” ईशानरावांनी विचारलं.

नक्की कुणालाच माहीत नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आतडं कच्चं असणं हे मुख्य. त्यात जंतू, रक्तपुरवठा, दूध, बऱ्याच गोष्टी. दीड किलोच्या आतल्या शंभर बाळांमध्ये साधारण सात जणांना होतो. याच वॉर्डात गेल्या महिन्यात दोघांना झाला.

शंभरात सात. शैलजाबाईंनी आयुष्यभर निकाल लावले होते. शंभरातले त्र्याण्णव पास म्हणजे शाळेचं नाव झालं, असं त्या धरून चालायच्या, आणि उरलेल्या सात मुलींचा विचार त्यांनी कधी फारसा केला नव्हता. आता त्या सातांपैकी एक त्यांच्या समोरच्या पेटीत होता.

“दुधाचं विचारायचंय,” डॉक्टरीणबाईंनी कागद उलटला. “पावडर अजिबात दिलेली दिसत नाही. सगळं तुझंच ना?”

“येस. ओन्ली माइन,” नेत्रा म्हणाली. त्या अवस्थेतही तिच्या आवाजात अभिमान होता.

एवढं इंग्रजी शैलजाबाईंना कळत होतं.  तरी त्या मूग गिळून बसल्या. डॉक्टरीणबाई उठून गेल्यासुद्धा.

त्यानंतरचे चार तास कसे गेले ते त्यांना पुढे कधीच सांगता आलं नाही. सांगितलं तर काय होईल, याची यादी डोक्यात फिरत राहिली. नेत्रा पुन्हा तोंड बघणार नाही. हॉस्पिटलवाले पोलिसांना बोलावतील. जावयांच्या व्हिसाचं काहीतरी होईल. इथे सगळं व्हिसावरच येऊन थांबतं, हे त्या एवढ्या दिवसांत शिकल्या होत्या. आणि नाही सांगितलं तर? सांगून तरी बाळाचं पोट उतरणार आहे का? डॉक्टरच म्हणाल्या, कशाने होतं ते माहीत नाही. मग आपणच कशाला ओढवून घ्यायचं? असं घटकाभर बरं वाटायचं, मग ग्रेस टेप घेऊन यायची आणि यादी पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची.

एकदा त्या ईशानरावांच्या मागे कॉरिडॉरमध्ये गेल्या. त्यांना आधी सांगावं, ते बघून घेतील. ईशानराव खिडकीशी फोनवर आपल्या वडिलांशी बोलत होते. “नाही बाबा, दूध नेत्राचंच आहे, त्यामुळे चान्स चांगला आहे म्हणतात,” असं म्हणता म्हणता ते हुंदके द्यायला लागले. शैलजाबाई मागच्या मागे परतल्या. अकरा वर्षं शिक्षिकांना धाकात ठेवणाऱ्या बाईला पाठमोऱ्या जावयाला हाक मारता येईना.

दुपारी दुसऱ्या एक्स-रेनंतर डॉक्टरीणबाई पेटीपाशी आल्या. ईशानराव खाली इन्शुरन्सच्या काउंटरवर गेले होते. आतडं अजून फाटलेलं नाही, पण हवा वाढली आहे, त्या म्हणाल्या. सर्जनना बोलावून ठेवलंय. मग त्यांनी आणखी काही सांगितलं आणि नेत्राने कोरड्या आवाजात भाषांतर केलं: “त्या म्हणतात, रक्तातल्या जंतूंचा रिपोर्ट यायला दोन दिवस लागतील. तोपर्यंत औषध अंदाजानेच देतायत. काही वेगळं घडलं असेल, कुणी आजारी माणूस जवळ आलं असेल, तर आठवून सांगा.”

अंदाजाने. म्हणजे या बाई अंधारात चाचपडतायत, आणि दिव्याचं बटण कदाचित माझ्या हाताखाली आहे.  आपण गप्प बसलो म्हणून पोर गेलं, तर ते दुधाने गेलं असं कुणी म्हणणार नाही. ते आपल्या गप्प बसण्याने गेलेलं असेल.

“नेत्रा,” त्या म्हणाल्या, “यांना सांग, दूध फक्त तुझं नव्हतं.”

“काय?”

“आधी त्यांना सांग. माझ्याशी काय बोलायचं ते मग बोल.”

 डॉक्टरीणबाईंना काहीतरी शिजतंय हे कळलं असावं; त्यांनी विचारलं, दुभाष्याला फोन लावू का? नेत्राने नकारार्थी मान हलवली आणि वाक्य इंग्रजीत सांगितलं. सांगताना ती आईकडेच बघत होती.

“आठव्या मजल्यावरची स्वानंदी. तिचं रोज पन्नासेक एमएल. तुझ्या दुधात मी घालत होते. दहा दिवस झाले.”

नेत्राने तेही सांगितलं. ‘तुझ्या दुधात’ म्हणताना तिचा आवाज चिरकला, पण तिने वाक्य पूर्ण केलं. मग डॉक्टरीणबाईंचे प्रश्न आले आणि नेत्रा एकेक प्रश्न मराठीत आईपुढे टाकत गेली, जणू ती दुसऱ्याच कुणाची तरी मुलगी असावी. उकळलं होतंस का? नाही. बाटल्या? बाटल्या उकळल्या होत्या. तिची काही तपासणी? नाही. ती कुठली औषधं घेते? माहीत नाही. ती आजारी होती का?

“होती,” शैलजाबाई म्हणाल्या. “तीन दिवसांपूर्वी तिला कणकण होती. ती मला म्हणाली होती, देऊ का नको. मीच म्हटलं दे.”

हे भाषांतर करायला नेत्राला फार वेळ लागला.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी भराभर लिहून घेतलं, ग्रेसला एक औषध वाढवायला सांगितलं, फ्रिजमधल्या उरलेल्या बाटल्या तपासायला पाठवल्या आणि स्वानंदीला आजच रक्त द्यायला बोलवा म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर शैलजाबाईंना बरं वाटलं असतं.

“विचार त्यांना,” त्या नेत्राला म्हणाल्या. “माझ्यामुळे झालं का?”

नेत्राने विचारलं. उत्तर लांबलचक होतं. तिने ते छोटं केलं. “त्या म्हणतात, तुझ्यामुळे झालं असं सांगता येत नाही. झालं नाही असंही सांगता येत नाही. फक्त स्वतःच्या आईच्या दुधावरच्या बाळांनाही हा आजार होतो. आणि आता सांगितलंस ते बरं केलंस.”

डॉक्टरीणबाई गेल्या. पेटीपाशी मायलेकी दोघीच उरल्या. यंत्राचा आवाज चालू होता. नेत्राने विचारलं, “त्या एकशे वीसमधलं माझं किती होतं?”

“सत्तर.”

“सत्तर,” नेत्रा म्हणाली. मग ती पेटीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभी राहिली.

पुढे तीन दिवस त्या सगळ्यांचा जीव टांगणीला होता. दर सहा तासांनी एक्स-रे. सर्जन दोनदा येऊन पोट दाबून गेले. दुसऱ्या दिवशी अनीशला रक्त द्यावं लागलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आतड्यातली हवा पहिल्यांदा कमी झालेली दिसली, आणि पाचव्या दिवशी ग्रेसने टेप गुंडाळताना पुन्हा काहीतरी गंमत केली. आतडं फाटलं नव्हतं. पोर वाचणार होतं, निदान या खेपेला.

स्वानंदी रक्त देऊन आली आणि शैलजाबाईंच्या दारात उभी राहून रडली. “काकू, तुम्ही मला म्हणालात, विचारूनच आलेय म्हणून! मला रात्रभर वाटतंय मीच त्याला...” तिला पुढे बोलवेना. शैलजाबाईंनी तिचे हात धरले आणि सॉरी म्हणाल्या. इंग्रजीत म्हणाल्या, कारण मराठीत त्यांनी कधी माफी मागितलीच नव्हती. स्वानंदीचं रक्त ठीक निघालं. बाटल्यांतही चारचौघांच्या कातडीवर असतात तेच जंतू सापडले. बाळाच्या रक्ताच्या तपासणीत कुठलाच जंतू सापडला नाही. म्हणजे दोष सिद्ध झाला नाही आणि निर्दोष सुटकाही झाली नाही. सगळं कळल्यावरही ईशानराव त्यांच्याशी अदबीने वागत राहिले. नेत्रा कामापुरतं बोलायची: मीठ दे, चावी कुठेय, मी निघाले. शैलजाबाईंनी डाळीला फोडणी देण्यापूर्वीसुद्धा विचारायला सुरुवात केली, लसूण चालेल ना?

दूध बंद केल्याच्या दहाव्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उद्यापासून पुन्हा दूध सुरू करू. एक एमएल. पण त्या दहा दिवसांच्या भीतीत नेत्राचा पान्हा जवळपास आटला होता. टॉवेल न टाकता ती पंपाला बसायची आणि बाटलीचा तळ ओला व्हायचा, इतकंच. दुधाच्या बँकेतून मागवता येईल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. अनोळखी आयांनी दिलेलं, त्यांचं रक्त तपासून, दूध तापवून जंतू मारून आलेलं. पालकांची सही लागेल. पुन्हा आजार होणार नाही, अशी खात्री कुठल्याच दुधाची देता येत नाही.

नेत्रा फॉर्म घेऊन पेटीशेजारच्या खुर्चीत बसली होती. ईशानराव ऑफिसातून फोनवर म्हणाले होते, तू ठरव, तू म्हणशील ते. तिने फॉर्म दोनदा वाचला आणि मग मान वर केली. “आई, काय करू?”

दहा दिवसांत तिने आईला असं काही विचारलं नव्हतं. शैलजाबाईंनी पेटीकडे पाहिलं. पोट आता चपटं होतं, श्वासाबरोबर हलत होतं. महिन्यापूर्वी त्यांनी विचार न करता उत्तर दिलं असतं.

“तू ठरव बाई,” त्या म्हणाल्या. “मला नको विचारूस.”

“तेव्हा न विचारता केलंस. आता मी विचारतेय तर पळू नकोस.” नेत्राचा आवाज चढला नाही. “सांग. देऊ का दुसऱ्या कुणाचं?”

शैलजाबाईंच्या ओठांवर ‘दे’ आलं आणि तिथेच अडलं. हाच शब्द त्यांनी आठव्या मजल्यावर उच्चारला होता. त्यांचे डोळे भरले, आणि लेकीसमोर रडायचं नाही हा जन्माचा नियम मोडून त्या रडल्या.

“दे,” त्या म्हणाल्या. “पण मला फार भीती वाटते गं.”

“मलापण,” नेत्रा म्हणाली, आणि तिने सही केली.